मूठभर वाख

सज्जनहो, त्या वर्षी माधवपुरी महाराजांचा मुक्काम वडगव्हाणला होता. गावाबाहेर चिंचेखाली एक धुनी, दोन घोंगड्या आणि आल्यागेल्याला गूळपाणी, एवढाच त्यांचा मठ. मठापासून देवळाकडे जाणाऱ्या सरळ वाटेवर येसाजी दोर वळायचा. त्याची बायको ठकूबाई एका टोकाला बसून फिरकी फिरवी आणि येसाजी घायपाताचा धुतलेला वाख, म्हणजे पानांचे लांब धागे, मुठीतून सोडत मागे मागे पावले टाकत देवळाकडे जाई. तोंडात नाम, बोटांत वाख. त्याचा दिवस कसा जाई, त्यालाच कळत नसे.

देवळात पोथी सांगणाऱ्या नागेशशास्त्र्यांना मात्र हे उलटे चालणे खुपे. एकदा चारचौघांत ते म्हणाले, "येसाजी, लोक देवाकडे तोंड करून जातात, तू पाठ करून जातोस. सुंभ वळून कुणाला मोक्ष मिळालाय का?"

लोक हसले. येसाजी भोळा; त्याच्या मनाला ते फार लागले. आपला जन्म फुकट चालला, असे त्याला वाटू लागले. त्याने घरातला वाख शेजाऱ्यांना छपरे बांधायला वाटून टाकला, फिरकी खुंटीला टांगली आणि माळ घेऊन तो मठात येऊन बसला.

ठकूबाई म्हणाली, "अवं, देवानं तुमच्या बोटांत दोर दिलाय. माळ वढायला गावात काय कमी मानसं हायती?" पण येसाजी ऐकेना.

महाराज एवढेच म्हणाले, "बैस. करमेल तोवर बैस."

करमते कसले! जपाला बसला की बोटे आपोआप माळेच्या दोऱ्याला पीळ देऊ लागत. आठवड्यात दोरा तुटून मणी धुनीभोवती विखुरले. महाराज पोट धरून हसले आणि स्वतः मणी वेचू लागले. येसाजीला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

असा चैत्र उजाडला. विहिरीचे पाणी चाळीस हात खोल गेले. गावातले दोर झिजून गेले होते, नवे वळणारा मठात बसला होता. शास्त्रीबुवांची लेक दुर्गा माहेरपणाला आली होती. एका सकाळी ती भरला पोहरा ओढत असताना दोर तुटला, तोल गेला आणि ती विहिरीत पडली. नशिबाने आतल्या कपारीतला एक दगड तिच्या हाती लागला.

गावकऱ्यांनी घरोघरचे दोर गाठी मारून जोडले. तिने भार टाकताच पहिल्याच गाठीपाशी दोर तुटला; तिने पुन्हा तो दगड धरला.

"येसाजी, दोर दे रे," शास्त्रीबुवा रडत मठाशी आले. येसाजी घरी धावला. खुंटीवर फिरकीपाशी मूठभर वाख लोंबत होता, बस्स. तो तेवढा घेऊन येसाजी महाराजांच्या पायांवर कोसळला. "महाराज, पोरीचा घात मीच केला. एवढ्याशा वाखानं काय व्हायचं?"

महाराज उठले. "मूठभर आहे ना? वळायला लाग. फिरकी मी धरतो."

आणि महाराज ठकूबाईच्या जागी धुळीत बसले. येसाजी वाख सोडत मागे सरू लागला. डोळे महाराजांच्या हातावर. दहा हात झाले, वीस झाले, देवळाच्या पायऱ्या आल्या. मूठ जड ती जडच. खाली बघायचा त्याला धीर होईना. शेजारून चालणाऱ्या शास्त्रीबुवांनी मात्र पाहिले आणि त्यांचे रडणे थांबले. वाख संपत नव्हता! साठ हातांचे तीन पेड झाले, तिन्हींना मिळून एक पीळ बसला, तेव्हा कुठे मूठ रिकामी झाली.

दुर्गेने दोर कमरेला बांधला. दहा जणांनी ओढले. दोर कुरकुरलासुद्धा नाही. कोपर खरचटलेली, भिजलेली पोर वर आली आणि आईच्या कुशीत शिरली.

येसाजीने हात जोडले. "महाराज, हा सगळा तुमचा चमत्कार."

"वाख पुरवला असेल मी," महाराज म्हणाले. "पण मला दोर कुठं वळता येतो? गावात वळणारा एकच, तो माझ्यापुढं माळा तोडत बसलेला."

"मग मला आधीच उठवायचं हुतं की."

"तू तेव्हा शास्त्रीबुवांचं ऐकत होतास," महाराज मिश्कीलपणे म्हणाले.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, पण शास्त्रीबुवांचा पीळ त्या सकाळी गेला. ते महाराजांपुढे वाकले. महाराजांनी पाय मागे घेतले आणि येसाजीकडे बोट दाखवले. साऱ्या गावादेखत शास्त्रीबुवांनी येसाजीचे वाखाने कापलेले तळवे हाती घेतले आणि त्यांवर कपाळ टेकले.

"येसाजी, उद्या वाटेवर ये. तुझी फिरकी सुरू झाल्याशिवाय मी पोथी उघडणार नाही."

येसाजीला लाज वाटली, आणि फार बरेही वाटले. महाराजांनी आपल्याही हातांना असेच कामाला लावावे, एवढेच त्यांच्या चरणी मागणे.