अंडी कोण उबवणार?

आंबेकुरण संस्थानात तित्तरांची शिकार करणाऱ्यांची एक मंडळी होती. विणीच्या दिवसांत मात्र ही माणसं बंदुका खुंटीला टांगायची आणि कुरणातलं गवत राखायची. एकदा राजे दौलतराव हौसेनं मंडळीत आले. भंडारा उचलून त्यांनी सगळे नियम पाळायची शपथ घेतली. नियम ऐकायला काही थांबले नाहीत. लगेच बंदूक घेऊन निघाले, तेही ऐन विणीत!

झुडपाखाली अंड्यांवर बसलेली मादी दिसली. राजांनी नेम धरला.

"खुशाल मारा, सरकार," मंडळीचे म्होरके सुभानजी अदबीनं म्हणाले. "फक्त आपला नियम असा, की जो अंड्यांवरची मादी मारील, त्यानं तिच्या जागी बसून अंडी उबवायची."

राजे कडाडले, "आम्ही? झुडपात बसून राहायचं?"

"शपथ तर झालीच आहे, सरकार. आणि नुसतं बसून राहायचा सराव आपल्याइतका संस्थानात आहे कुणाला?"

राजे लालबुंद झाले, मग पोट धरधरून हसले आणि बंदूक सुभानजींच्या हाती दिली.

पुढे कुरणभर पिलं धावू लागली. आणि दरबारात कुणी कामाविना बसलेला दिसला, की राजे म्हणत, "उठवू नका त्याला, अंडी उबवतोय बिचारा!"