लिंपणाचा दुसरा हात

"आता आणखी काय करायचं राहिलं, याहा?"

सायसिंगनं हे तिसऱ्यांदा विचारलं. रायकीबाई अंगणात मक्याची कणसं सोलत बसली होती. तिनं वर पाहिलं नाही.

मी ओट्याच्या कडेला टेकलो होतो. सातपुड्यातल्या या मोहटीपाड्यावर मी पंधरा दिवसांतून एकदा मीठ, मणी, सुईदोरा घेऊन चढतो. चढ संपला की पहिलं घर रायकीबाईचं. तिथलं पाणी प्यायल्याशिवाय माझी पाठ सरळ होत नाही. पावरा लोक आईला याहा म्हणतात. रायकीबाईला पोटचं एकही मूल नाही, पण सगळा डोंगर तिला याहाच म्हणतो.

आसपासच्या पाड्यांतल्या बायांचं एक मंडळ तिनं उभं केलंय. त्याला कचेरी नाही, फलक नाही. डाकीण ठरवून हाकललेली बाई परत आणायची, ज्याचं मन मोडलं त्याच्यापाशी जाऊन बसायचं, जुनी गाणी पोरींच्या तोंडी ठेवायची, एवढंच त्यांचं काम. खालच्या शहरातली एक संस्था आपली शिकलेली पोरं महिनाभर तिच्या हाताखाली धाडते. सायसिंग त्यांतलाच. पावऱ्याचाच मुलगा, पण मोठी पदवी घेऊन आलेला. हुशार होता, आणि आपण हुशार आहोत हे त्याला कुणी सांगावं लागत नव्हतं.

"कणसं सोल," याहा म्हणाली.

"कणसं कसली सोलतेस! दिवस कलला की ऊसतोडीचा ट्रक येणार. दुधलीनं गाठोडं बांधलंय. एकदा गुजरातेत गेले की परत यायची नाही, असं माझ्या तोंडावर म्हणाली ती."

याहाचे हात थांबले. मग पुन्हा चालू झाले.

दुधलीचं थोडक्यात सांगतो. ही विधवा बाई, एकटी. गेल्या वर्षी श्रावणात तिच्या शेजारच्या बाटीचं तीन वर्षांचं पोर तापानं गेलं. बडव्यानं, म्हणजे इथल्या देवऋष्यानं, दाणे पाहिले आणि दुधलीचं नाव घेतलं. लोकांनी दगड मारून तिला पाड्याबाहेर काढलं. वर्षभर ती संस्थेच्या आसऱ्याला होती. या दसऱ्याला सायसिंगनं तिला वाजतगाजत परत आणलं.

"मी काय कमी केलं, सांग," तो म्हणाला. "फौजदारासमोर बेचाळीस अंगठे घेतले, कुणी तिला डाकीण म्हणणार नाही म्हणून. पडकं घर होतं, तालुक्याहून गवंडी आणून पत्र्याचं नवं बांधून दिलं. दोन पोती ज्वारी दिली. दोन शेळ्या दिल्या. शेगडी दिली."

"आणि?"

"आणि काय! कुणी शिवी देत नाही. दगड मारत नाही. कुणी... काहीच करत नाही. ती झऱ्यावर गेली की बाकीच्या घागरी उचलून निघतात."

"तू तिला पुष्कळ दिलंस."

"दिलंच."

"तिच्याकडून काय घेतलंस?"

सायसिंग हसला. "तिच्याकडे आहे काय घ्यायला? आणि मी घेईन होय? चहासुद्धा घेत नाही मी तिच्या घरी."

"का?"

"गरीब बाई. तिच्यावर भार कशाला? माझं तत्त्वच आहे ते."

याहानं सोललेलं कणीस टोपल्यात टाकलं.

"पाड्यातली माणसंही तिच्या हातचं काही घेत नाहीत," ती म्हणाली. "त्यांचंही तत्त्वच आहे."

...

सायसिंगनं खाली बघत एक कणीस उचललं. मीही मान खाली घातली. कारण मागच्याच फेरीला दुधली माझ्याकडे पदरात चारोळी घेऊन आली होती. चांगली, टपोरी, निवडलेली. मी तिला मीठ दिलं आणि चारोळी नको म्हणालो. तिची चारोळी पोत्यात मिसळली की बाकीच्या बाया माझ्या पोत्याकडे फिरकायच्या नाहीत, हा माझा हिशेब. तिनं पदर पुन्हा बांधला आणि मीठ घेऊन गेली. चाळीस वर्षं दुकानदारी केली, पण इतकं जड मीठ मी कधी तोललं नव्हतं.

याहा काठी टेकून उठली. घराला वळसा घालून मागे गेली. आम्ही दोघं तिच्या पाठोपाठ.

मागची भिंत कुडाची होती. कारवीच्या काटक्या, वर मातीशेणाचं लिंपण. डोंगराचा वारा तिच्यावरच आदळायचा. याहानं काठीचं टोक लिंपणात खुपसलं आणि जोर लावला. हातभर ढेकूळ खाली आलं.

"याहा! काय करतेस?"

"हात लाव."

"अगं, थंडीचे दिवस आहेत!"

"ते मला कळतं. तुझ्यापेक्षा जास्त थंड्या काढल्यात मी. हात लाव म्हणते ना."

पोरानं घाबरत घाबरत हात लावला. घटकाभरात भिंतीवर नुसत्या काटक्या उरल्या. त्यांतून तिची चूल दिसत होती, गोधडी दिसत होती. वारा सरळ आत शिरला आणि चुलीतली राख उडाली.

याहानं हात झटकले. "चल. लाह घालायची."

लाह ही इथली जुनी रीत. घर शाकारायचं असलं, शेत काढायचं असलं, की घरधनी स्वतः दारोदार जाऊन हाक देतो. हाक आली की हातातलं काम टाकून जायचं. मजुरी नाही, पोटभर जेवण. आज तू माझ्या हाकेला आलास, उद्या मी तुझ्या. आणि ज्याच्या दारात हाकच येत नाही, त्यानं पाड्यात राहून काय करायचं?

"मी फटफटीवर जाऊन सांगून येतो सगळ्यांना," सायसिंग म्हणाला.

"लाहेची हाक फटफटीवर बसत नाही."

ती चालत निघाली. पाड्यातली घरं लांब लांब, एकेका टेकाडावर एकेक. प्रत्येक दारात थांबून ती तेच बोलली. "माझी भिंत पडली. लाह आहे. या."

म्हातारा नुऱ्या खाटेवर विडी ओढत होता. तो म्हणाला, "काल तर चांगली उभी होती. पडली की पाडली?"

"तुझे दात पडले की पाडले, ते आधी सांग."

नुऱ्या बोळक्या तोंडानं हसत उठला.

बाटीच्या दारात याहा जरा जास्त वेळ थांबली. बाटी उंबऱ्यात बसून होती. तिनं ऐकलं, पण ना हो म्हणाली, ना नाही. याहानंही दुसऱ्यांदा सांगितलं नाही.

शेवटचं घर पत्र्याचं. दारात गाठोडं.

"दुधले! माझी भिंत पडली. लाह आहे. लिंपायला तू."

दुधली बाहेर आली. वाळून काडी झाली होती. "मी चालले, याहा."

"ट्रक दिवस कलल्यावर येतो. भिंत आत्ता पडलीय."

"दुसऱ्या कुणाला सांग..."

"सांगितलं असतं. तुझ्यासारखं लिंपण येतं कुणाला इथं? वाईट भिंतीला टेकून झोपायचं माझं वय नाही आता."

दुधली आपल्या हातांकडे पाहत राहिली.

"लोक..." ती म्हणाली.

"भिंत लोकांची आहे का?"

...

लोक आले. पंधरा-सोळा असतील. कुणी माती आणली, कुणी शेण, कुणी भुसा. घराला वळसा घालून मागे आले आणि जागीच थबकले. दुधली गुडघ्यापर्यंत लुगडं खोचून, खाली बसून, काटक्यांचे बंद आवळत होती.

कुणी पुढं होईना. पण लाहेला आलेलं माणूस काम न करता परत जात नाही. गेलं तर याहाच्या डोळ्यांदेखत जावं लागलं असतं. एकानं टोपलं तिथंच, दहा पावलांवर ओतलं. मग दुसऱ्यानं त्याच ढिगावर.

दुधली उठली. ढिगापाशी गेली आणि माती कालवायला लागली.

पहिला गोळा तिनं भिंतीवर थापला. याहा काठीवर हनुवटी टेकून पाहत होती.

"अगं, भिंत लिंपतेस की म्हैस धुतेस? जोरानं लाव!"

दुधलीनं मागे वळून पाहिलं. पुन्हा थापलं. आता जोरानं.

"हां. वर्षभर शहरातलं आयतं खाल्लंस, हातातला कस गेला वाटतं."

"कस नाही गेला," दुधली म्हणाली. "तुझ्या माणसांनी माती चाळून आणली नाही. हे बघ, खडे."

नुऱ्या खेकसला, "खडे म्हणे! ती माती मी आणली. माझ्या शेतात खडा सापडला तर दाखव."

दुधलीनं मुठीएवढा दगड ढिगातून काढून त्याच्या पायापाशी ठेवला. मागे कुणीतरी फिसकन हसलं. नुऱ्या दगडाकडे पाहत राहिला, आणि मग बसून माती निवडायला लागला.

दुपारी ढीग कोरडा पडला. दुधलीचे दोन्ही हात कोपरापर्यंत मातीत. पाणी हवं होतं. तिनं मागितलं नाही.

तेवढ्यात कुंपणाशी बाटी दिसली. झऱ्यावरून येत होती, कमरेवर भरली घागर. कधीची उभी होती, कुणास ठाऊक.

सगळे हात थांबले.

सायसिंग चटकन पुढं झाला. "आण ताई, मी ओततो..."

याहाची काठी त्याच्या नडग्यांसमोर आडवी आली.

...

बाटी आत आली. ढिगापर्यंत चालत गेली. दुधलीकडे तिनं पाहिलं नाही. घागर खाली ठेवली आणि आली तशी निघून गेली.

पाण्याला हात लावू की नको, दुधलीला समजेना. तिनं याहाकडे पाहिलं. याहा उन्हाकडे पाहत होती.

शेवटी दुधलीनं मातीच्या हातांनीच घागर कलती केली.

उन्हं उतरायला लागली तेव्हा भिंत पुरी झाली. ओली, काळी, सारखी. माणसं अंगणात भाकरी आणि उडदाची डाळ खायला बसली. दुधलीनं आधी घागर घेतली. राखेनं घासली, विसळली, पुन्हा घासली. हातात धरून उभी राहिली.

बाटी आली. घागर न्यायला आली होती.

दुधलीनं घागर पुढं केली. घास तोंडापाशी धरून माणसं बघत राहिली.

बाटीनं घागर न्याहाळली. मग घागरीच्या गळ्यापाशी बोट टेकवलं.

"इथं माती राहिली," ती म्हणाली.

आणि स्वतःच्या पदरानं ती जागा पुसली. दुधलीच्या हातातली घागर घेतली, कमरेवर ठेवली आणि झऱ्याच्या वाटेला लागली. पाठ वळल्यावर तिचे खांदे हलताना मी पाहिले. दुधली तिथंच खाली बसली, आणि तोंडावर हात दाबून घेतला.

कुणी कुणाला समजावायला गेलं नाही. याहानं एक पान उचललं, त्यावर भाकरी ठेवली आणि ते दुधलीसमोर सरकवलं.

खालच्या रस्त्यावर ट्रकचा भोंगा वाजला.

सायसिंग दुधलीकडे पाहायला लागला. मीही. भोंगा पुन्हा वाजला, लांब.

दुधलीनं तोंड पुसलं. भिंतीपाशी जाऊन पंजा टेकवून पाहिला.

"पहिला हात वाळू दे," ती याहाला म्हणाली. "दुसरा परवा देईन. भुसा जास्त लागेल."

"खडे नकोत," नुऱ्या डाळ ओरपत म्हणाला.

ट्रक निघून गेला. त्याचा आवाज बराच वेळ डोंगरात घुमत होता.

माणसं पांगली. मी माझं ओझं बांधत होतो. उरलेलं मीठ, मणी, आणि वर पदरभर चारोळी, जी मी मघाशीच दुधलीच्या दारात जाऊन मागच्या मिठाच्या बदल्यात मागून आणली होती. तिनं मोजून दिली होती, एक दाणा वर नाही.

याहा ओल्या भिंतीला पाठ लावून, गोधडी गुंडाळून बसली होती. भिंतीचा गारवा गोधडीतून येत असणार. तिचे ओठ निळे पडले होते.

सायसिंग तिच्यासमोर उकिडवा बसला. त्याचा चेहरा उजळला होता. वही उघडून त्यानं मांडीवर ठेवली.

"याहा, कळलं मला. आता पुरतं कळलं! आपल्या पाड्यांत अशा आणखी सहा बाया आहेत. प्रत्येक ठिकाणी हेच करायचं. मी आजच संस्थेला लिहितो. सहा पाड्यांत सहा भिंती पाडायच्या."

याहानं गोधडी गळ्यापर्यंत ओढली. मागच्या आपल्या भिंतीवर पंजा टेकवला.

"पाड की," ती म्हणाली. "तुझं घर कुठल्या पाड्यात आहे?"