राणीच्या बागेची पाटी

कोंडवळ संस्थानात एका स्वल्पविरामापायी तीन रंगारी कैदेत पडले होते!

महाराज रुद्राजीराव नुकतेच इंग्रजी व्याकरण शिकले होते. बागेच्या फाटकावर त्यांना 'राणीची बाग' अशी इंग्रजी पाटी हवी होती. राणीसाठीच्या इंग्रजी शब्दाला पुढे एस जोडायचा आणि वर एक स्वल्पविराम टांगायचा, ज्याला इंग्रजीत अपॉस्ट्रॉफी म्हणतात. तो एसच्या आधी आला तर बाग एका राणीची. नंतर आला तर सगळ्या राण्यांची!

"आधीच लावा! बाग माझी एकटीची!" थोरल्या राणीसाहेब कडाडल्या.

"नंतर लावा! मी काय इथे पाहुणी आहे?" धाकट्या राणीसाहेबांनी जेवणच सोडलं.

महाराजांनी हुकूम काढला, "पाटी एक, स्वल्पविराम एक, आणि दोघी खूश! जमलं नाही तर कैद!"

कैदेतल्या तिघांत केरबाही होता. त्याची बायको सगुणा, स्वतः पट्टीची रंगारीण, तडक दरबारात आली.

"सरकार, पाटी मी करते. पण जमली तर तिघांना सोडायचं."

"सोडू! नाही जमली तर चौथी तू!"

"चालेल. एवढंच सांगा, स्वल्पविराम लाकडाला चिकटूनच असावा, असा नियम आहे का?"

महाराजांनी व्याकरणाचं पुस्तक पुढून चाळलं, मागून चाळलं, उलटं धरून झटकलंसुद्धा. "तसं कुठे लिहिलेलं नाही बुवा!"

चौथ्या दिवशी पाटी फाटकावर चढली. अक्षरं लाकडावर रंगवलेली. स्वल्पविराम मात्र पत्र्याचा. एसच्या वरून हातभर लांब सळई पुढे आलेली आणि तिच्या टोकाला तो हवेत लटकलेला!

थोरल्या राणीसाहेबांचा महाल फाटकाच्या समोर, उजव्या हाताला. त्यांनी सज्जातून पाहिलं. "एसच्या आधी! बाग माझी!"

धाकट्यांचा महाल डाव्या हाताला. त्यांनी खिडकीतून डोकावलं. "एसच्या नंतर! बाग दोघींची! वाढा गं पान!"

महाराज धावत इकडच्या सज्जात गेले, धापा टाकत तिकडच्या खिडकीत गेले. दोघींचंही खरं! शेवटी ते फाटकासमोर मधोमध, सगुणाजवळ येऊन उभे राहिले आणि ओरडले, "अगं, इथून तर तो एसच्या बरोबर डोक्यावर दिसतोय! ना आधी, ना नंतर! मग बाग नक्की कुणाची?"

सगुणानं हात जोडले. "सरकार, दोन राण्यांच्या मधोमध उभ्या राहणाऱ्या माणसाला हे आजवर कुणी सांगितलंय का?"

 महाराज असे खदखदून हसले की त्यांना फाटकाला धरूनच उभं राहावं लागलं!

तिन्ही रंगारी त्याच घटकेला सुटले. संस्थानातल्या झाडून सगळ्या पाट्यांचं काम सगुणाच्या नावे झालं, आणि तिच्या हाताखाली पहिला मदतनीस म्हणून नेमला गेला केरबा!