बिनकुलपाच्या खोलीचा राखणदार

गुमानशेटच्या चाळीत दाराला कडी बसवायची सक्त मनाई होती! म्हाळूने पुष्कळ विनवण्या केल्या, पण शेट काही ऐकेना. खिळा ठोकला तर चौकट चिरेल, आणि कुलूप दिसलं तर लोक म्हणतील की गुमानशेटच्या चाळीत चोर येतात. चोर तर येतच होते, तेही भरदिवसा, भाडेकरू कामावर गेले की. पण ज्याच्याकडे चोरी होई त्यालाच शेट 'चाळीचं नाव घालवलंस' म्हणून बाहेर काढी, आणि खोली वाढीव भाड्याने दुसऱ्याला देई.

म्हाळू नोकरीला होता राजवाड्यात. दरबाराच्या पायरीशी बसून तो सरदारांचे जोडे सांभाळी. "दरबारात आपला शब्द चालत नाही, पण आपल्यावाचून कुणाचं पाऊल निघत नाही," असं तो ऐटीत सांगे आणि स्वतःच हसे. घरात ऐवज म्हणाल तर एक तांब्याचा हंडा, एक घोंगडी आणि बायकोने शिवलेली चार दुपटी. असल्या घरात चोर शिरलाच तर बिचारा लाजून काहीतरी ठेवून जाईल, हेही म्हाळूचंच म्हणणं. पण त्याची बायको येसू बाळंतपणाला माहेरी गेली होती, आणि लवकरच तान्ह्याला घेऊन परतणार होती. खोली गेली तर बाळाला निजवायचं कुठे? हे मनात आलं की म्हाळूचं हसू मावळे.

शेवटी त्याने राजाकडे दाद मागितली. राजा मोठा हट्टी! त्यातून कोतवाल शेजारीच उभा. त्याने छातीवर हात ठेवून सांगितलं की नगरात चोर औषधालाही उरलेला नाही. झालं, राजा म्हाळूवरच उखडला.

"उद्या दिवसभर दरबार आहे. तू इथे कामावर, आणि तुझी खोली उघडी. कुलूप नाही, कुत्रं नाही, राखणीला माणूस नाही. काही गेलं नाही तर मागशील ते देईन. गेलं, तर खोली जाईल आणि नोकरीही!"

वर राजाने तशी दवंडीही पिटवली. म्हणजे ज्या चोराला म्हाळूचा पत्ता ठाऊक नव्हता, त्यालाही तो घरबसल्या कळला.

म्हाळूने घरी येऊन कपाळावर हात मारला. खोली वाचवायला गेला आणि नोकरीही पणाला लावून आला, असा शहाणा अख्ख्या राज्यात दुसरा नसेल! इतरांना सुचतं, कारण त्यांचं लक्ष वर असतं. आपला जन्म गेला लोकांचे जोडे बघण्यात, आपल्याला काय सुचणार? असं स्वतःला बोल लावता लावता तो एकदम थांबला, आणि मग घोंगडी ओढून स्वस्थ झोपला.

दुसऱ्या दिवशी, ऊन कलताना दरबार उठला. सगळे पायरीवर आले, तर एकही जोडा जागेवर नाही! राजाचासुद्धा नाही. एकटा म्हाळू हात जोडून उभा.

"म्हाळ्या, जोडे कुठे आहेत?"

"माझ्या दारात, महाराज. आपण कुलूप, कुत्रं आणि माणूस नको म्हणालात. जोड्यांबद्दल काही बोलला नाहीत."

राजा संतापून तसाच चाळीकडे निघाला. मागून सगळे सरदार, खडे टोचतील तसे 'आई गं' करत. एवढी वरात बघायला सगळा गाव लोटला. गुमानशेटही घाईघाईने आला आणि खोली आत्ताच्या आत्ता खाली कर म्हणून ओरडू लागला.

म्हाळूच्या दारात जोड्यांची ही लांबलचक ओळ! सगळ्यांत पुढे कोतवालाचे लाल गोंड्यांचे, उभ्या नगराच्या ओळखीचे जोडे. पाहणाऱ्याला वाटावं, आत अर्धा दरबार पंगतीला बसलाय आणि पहिल्या पाटावर कोतवाल आहे. राजाने दार ढकललं. हंडा, घोंगडी, दुपटी, सगळं जागच्या जागी होतं.

म्हाळू ज्याचे त्याला जोडे द्यायला लागला. सगळ्यांचे देऊन झाले, तरी एक जोड उरलाच.

"हा कुणाचा?" राजाने विचारलं.

म्हाळूने सगळ्यांच्या पायांवरून नजर फिरवली. "महाराज, दरबारी अनवाणी आले, कारण त्यांचे जोडे मी आणले होते. शेटजींच्या जोड्यांना मी हातही लावला नाही. मग शेटजी अनवाणी का?"

गुमानशेटने एक पाय दुसऱ्यामागे लपवला, पण दुसरा कुठे लपवणार? दुपारी हंडा उचलायला तोच आला होता. दारात जोडे दिसले, तेव्हा जन्माच्या सवयीने त्यानेही आपले काढून ओळीत ठेवले. दाराला हात घालताना लाल गोंडे दिसले, आणि तो तसाच धूम पळाला.

"पण चोरी करायची म्हणून काय दुसऱ्याच्या घरात जोडे घालून शिरायचं?" तो रडवेला होऊन म्हणाला.

राजाला हसू आवरेना. चौकटीला टेकून तो डोळे पुसत राहिला. खोली त्याने तिथल्या तिथे म्हाळूच्या नावे केली आणि कडीचे खिळे गुमानशेटच्याच हाताने ठोकून घेतले. मग म्हणाला, "आता माग, काय हवं ते."

"मोठं काही नको, महाराज. येसू बाळाला घेऊन येईपर्यंत कोतवालसाहेबांचे जोडे तेवढे इथेच राहू द्या. साहेबांपेक्षा पहारा तेच चांगला करतात!"

राजा पुन्हा हसत सुटला, आणि कोतवाल घरी गेला तो अनवाणीच.