वाटीतली शेवटची जोड

हा खोलगा पाहा. चारी बाजूंनी चढ, तळाला तांबड्या मातीचा आखाडा. म्हणून याला वाटी म्हणतात. चैत्रातल्या जत्रेला इथे कुस्त्यांचं मैदान भरतं. बाकीच्या जोड्या पंच हव्या तशा लावतात, शेवटची मात्र ठरलेली. एक मल्ल डोंगरवाड्यांचा, दुसरा नदीकाठच्या गावांचा. कोण उतरणार, एवढंच पंच निवडतात. ही जोड मोडली तर जत्रा मोडली, असं पूर्वीपासून मानतात.

फार मागे डोंगराकडून येसू मदने उतरायचा. एका जत्रेत त्याने नदीकाठच्या रायाजीवर ढाकेचा डाव टाकला आणि पडताना रायाजीची मान मोडली. तो आखाड्यातच गेला, असं सांगतात. दोष कोणी दिला नाही. उलट डोंगरवाड्यांनी येसूला खांद्यावरून नेलं. पण त्याच संध्याकाळी त्याने आपला लंगोट देवीच्या पायांशी ठेवला आणि पुन्हा कुणाच्या अंगाला हात लावणार नाही, असा नेम केला.

पुढच्या साली पंचांनी जोड जाहीर केली. डोंगराकडून येसू, नदीकडून रायाजीचा धाकटा भाऊ मानाजी.

येसूने नेम सांगितला. पंच म्हणाले, नेम तुझा, पण मान साऱ्या वाड्यांचा. खांदा दुखतो म्हणाला, तर मालिश करायला माणसं आली. घराघरांतून दूध, तूप, बदाम येऊ लागले. नको म्हणायची सोय नव्हती. ज्या बायांनी त्याच्या खुराकासाठी आपल्या पोरांच्या वाटचं दूध दिलं होतं, त्याच तांब्या घेऊन दारात उभ्या असत. एका पहाटे तो घाटाकडे निघाला. वाटेत गावची माणसं बसलेली. त्यांनी अडवलं नाही. रामराम केला, त्याच्याबरोबर चालू लागली आणि बोलत बोलत त्याला घरी आणून सोडलं. आई दारातच होती. "आता तू एकट्याचा राहिला न्हाईस, लेकरा," एवढंच ती म्हणाली.

जत्रेच्या दिवशी हलगीच्या तालावर त्याला वाटीत उतरवलं. त्याने वर पाहिलं, तर चहूकडे माणसंच माणसं. आला ती वाटही मागे बुजली होती. सलामी झाली. मानाजीने त्याला धरलं, तर येसूने हात सैल सोडले. मानाजी हिसडत होता, डिवचत होता. त्याला पडलेला येसू नको होता, लढलेला हवा होता. येसू नुसता उभा. डोंगराकडची माणसं चिडून उठली, खाली सरकू लागली. नदीवालेही सरकले. बघता बघता आखाड्याभोवतीचं रिंगण आवळत गेलं, आणि येसूला श्वास पुरेना.

तेव्हा नदीच्या अंगाने रायाजीची आई उठली. सालूबाई तिचं नाव. ती उतरू लागली तशी माणसं अंग चोरून बाजूला झाली आणि तिच्या मागे वरच्या कडेपर्यंत एक पट्टा रिकामा होत गेला, म्हणे. तिने मानाजीचा दंड धरला. मग येसूकडे पाहिलं.

"तुला म्या माफ केल्यालं न्हाई," ती म्हणाली. "पर दुसरं प्वार या मातीत घालायचं न्हाई मला. वाट हाय. जा."

येसू त्या पट्ट्यातून वर चढून गेला. कोणी म्हणतात कोकणात उतरला, कोणी म्हणतात मेंढरांमागे देशोधडीला लागला. त्याच्या आईलाही तो पुन्हा दिसला नाही.

आजही शेवटच्या कुस्तीला नदीच्या अंगाचा तेवढा पट्टा मोकळा ठेवतात. कितीही गर्दी लोटो, तिथे कोणी बसत नाही. पंच दोन्ही मल्लांना ती वाट दाखवतात आणि विचारतात, "जायचं का?" आजूबाजूला सगळा गाव श्वास रोखून बसलेला असतो. दोघं वर बघतात, आणि मान हलवून नाही म्हणतात. येसूनंतर त्या वाटेने कोणी गेलेलं नाही.