शेळ्यांना हाक, लेकीला नाही

डोंगराच्या पायथ्याशी एका गावात शेळ्या पाळणारा एक बाप राहायचा. बायको देवाघरी गेलेली, मागे एकुलती एक लेक. "आईविना पोर, तिला कसली बंदी घालायची?" असं म्हणून त्याने तिला कधी अमुक कर, तमुक नको असं सांगितलंच नाही. केव्हा जेवावं, केव्हा घरी यावं, सारी तिची मर्जी.

दिवेलागणीला दारादारांतून हाका सुरू व्हायच्या. पोरं कुरकुरत डाव मोडायची. "तुझी मजा आहे बाई, तुला कोणी बोलवत नाही!" असं म्हणत घरी पळायची. मग पारावर ती एकटी उरायची. एकटीने सागरगोटे खेळून खेळणार तरी किती?

एके दिवशी तीही उठली. "मलाही जायला हवं, उशीर झाला की आबा फार रागावतात," असं तिने ठोकून दिलं. घरी आली तर बाप दूध काढत होता. तो मायेनं म्हणाला, "एवढ्यात आलीस? खेळ की अजून, तुला कोण अडवतंय?"

पोरीला रडूच आलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाप नेहमीसारखा वाड्याच्या तोंडाशी उभा राहून शेळ्यांना हाका मारू लागला. "ये ढवळे! ये बांडे! ये चांदे!" एखादी मागे राहिली तर तो रान पालथं घालायचा. सगळ्या आत आल्या. वाडा बंद करताना त्याला शेळ्यांमध्ये लेक दिसली, करडाला कुशीत घेऊन बसलेली.

"अगं, इथं काय करतेस?"

"आबा, यांना तुम्ही नावानं बोलावता. म्हटलं, यांच्यात बसले तर मलाही बोलवाल."

"येडे, त्यांना लांडग्याचं भ्या असतं, म्हणून बोलावतो."

"आणि माझ्यासाठी भ्या नाही वाटत तुम्हाला?"

बापाने तिला जवळ ओढलं. "उद्यापासून दिवेलागणीला घरी यायचं. हातपाय धुवायचे अन् माझ्याबरोबर जेवायचं. चुकलीस तर दुसऱ्या दिवशी खेळ बंद."

दुसऱ्या दिवशी डाव ऐन रंगात आला आणि हाक आली, "ए सगुणे, घरी ये गं!"

"आबा, एकच डाव!"

"नाही म्हणजे नाही."

"संपली बाई तुझी मजा!" पोरं हसली. सगुणाने त्यांच्यासमोर तोंड वाकडं केलं, सागरगोटे ओच्यात टाकले आणि घराकडे पळत सुटली.

तात्पर्य: नियमच न घालणं म्हणजे माया नव्हे. वेळेवर घरी बोलावणारं कोणी असलं, तरच पोराला घर आपलं वाटतं.