कांदळजुव्याची पहिली पंगत

होडीतून उतरून कांदळांमधली पायवाट धरली की लगेच विहीर लागते. खाडीच्या पोटातल्या बेटाला आमच्याकडे जुवा म्हणतात, आणि कांदळजुव्यावर गोड्या पाण्याची ही एवढी एकच जागा. पाहुणे वाकून बघतात नि गालात हसतात. पुरुषभर खोली नाही, विहीर कसली, डबकंच म्हणायचं. तळाशी चिऱ्याचे घडीव दगड दिसतात, घराच्या जोत्याला लावतात तसले. मग हमखास कोणीतरी शहाणा विचारतो, एवढी माणसं राहता तर जरा खोल का नेत नाही? हा शहाणपणा आमच्या पूर्वजांनाही सुचला होता. त्यांनी विहीर खोल नेलीही होती. तळाचे दगड त्यानंतरचे आहेत.

असे सांगतात की जुव्यावर पहिल्यांदा तांडेलांची मोजकी घरं आली. त्यांनी विहीर खणली, माड लावले. जुवा उदार निघाला. खाडीत मासळी, खडकाला कालवं, पोरं धडधाकट. घराच्या वाशाला पाळणा एकदा टांगला की तो उतरवायला सवड मिळत नसे म्हणे. मागाहून सोयरे आले, मग सोयऱ्यांचे सोयरे आले. दारात आलेल्याला पाणी नाही म्हणू नये ही आपली रीत, तेव्हा कोणालाच कोणी नाही म्हटलं नाही. आणि भरलं घर कोणाला नको असतं?

ही सगळी पोरं जिच्या हाती जन्माला आली ती सुंद्रा. नारू तांडेलाची बायको, जुव्याची सुईण. अडलेली बाई सुंद्रेचा आवाज ओटीवर ऐकला की अर्धी मोकळी व्हायची, असं अजून म्हाताऱ्या सांगतात. स्वभावाने तिखट, पण मूल हातात आलं की ही बया लोण्यासारखी व्हायची. विहीर तिच्या सासरच्यांनी खणलेली, म्हणून रोजची पहिली घागर काढायचा मान तिच्या घराचा. तो मान ती कधी सोडत नसे. अंगात ताप असला तरी घागर घेऊन विहिरीवर हजर.

एका वर्षी चैत्रातच विहिरीने तळ दाखवला. घागर बुडेना, बायका करवंटीने पाणी भरू लागल्या, आणि करवंटीवरून जावाजावांत भांडणं लागली. पुरुष जमले. पाणी आटलं तर खोल जावं, हे पलीकडच्या डोंगरातल्या गावांत त्यांनी बघितलं होतं. तसेच तेही खोल गेले. पाणी आलं की हो, भसाभसा आलं. नारळ फुटला, बायकांनी विहिरीची ओटी भरली, आणि ज्याने खणायचं सुचवलं त्याला दोन दिवस चालताना जमीन दिसेना.

त्याच आठवड्यात येसूचे दिवस भरले. येसूचं घर जुव्यावर सर्वांत शेवटी आलेलं, पार टोकाला. मुलगी झाली. सुंद्रेने कोमट पाणी घेऊन बाळाला पायांवर घातलं, पण पाण्याचा हात लागला की पोर किंचाळायची. नाळेशी तर हात लावू देईना. इतकी बाळं न्हाऊ घातलेली बाई, तिला काही कळेना. मग तिने ओलं बोट जिभेवर ठेवलं. पाणी खारट होतं.

जुव्याचं गोडं पाणी म्हणजे खाऱ्या पाण्यावर धरलेली साय. वरून हलक्या हाताने काढली तर मिळते. खाली डाव घातला की सगळं एक होऊन जातं. डोंगरातल्यांचा शहाणपणा जुव्यावर चालवायला गेले आणि हाती होतं तेही घालवून बसले. पेजेला चव राहिली नाही, गुरं पाण्याला तोंड लावीनात, अंगावर पाजणाऱ्या बायांची दुधं आटली.

जुव्याचं रक्षण करणारा देव तो राखणदार; त्याच्या वडाखाली गाव बसला. एवढ्या माणसांना जुवा पुरत नाही, हे बोलायला कोणाची जीभ रेटत नव्हती, पण कळलं सर्वांना होतं. शेवटी एकजण बोलला, "जे मागाहून इले, ते पयले जावंदेत." सगळ्यांनी माना हलवल्या. येसूचा नवरा मान खाली घालून उठला. बाळंतीण आणि ओलं मूल होडीत घालायचं आणि ज्या पलीकडे ना ओळख ना देख तिथे न्यायचं, हे त्याने मनाशी ठरवूनच टाकलं असावं.

सुंद्रा बायकांत बसली होती. ती तिथूनच बोलली.

"जुव्यावरचा एकेक प्वॉर ह्या हातांनी जल्माक घातलंय. ह्येतला खंयचा जास्त झाला, तां माका बोट करून दाखवा."

 ज्याने त्याने आपापली पोरं जवळ ओढली म्हणे.

"पयली पंगत जेवली काय उठता," सुंद्रा म्हणाली. "जेवलेली माणसां पानार बसान रवली, तर दुसरी कधी बसतली? आमी पयले इलंव. पोटभर पाणी पियालंव. आता पयलो उठाचो मान पण आमचोच."

नारूने तिच्याकडे वळून बघितलं. जुव्याचा प्रमुख तो, वाडवडिलांची समाधीही इथेच. "ही जागा सोडून खंय जातलंव?" तो कसाबसा म्हणाला.

"हयसून दिसता थंयच. सकाळी उठान बघूक येयत."

आणि तिने राखणदारासमोर नवस केला. विहिरीत चुकीने जेवढे खोल गेलो, तेवढं माझ्या घराच्या जोत्याने बुजवीन, आणि पाणी गोडं होईपर्यंत माझ्या घराला जोतं बांधणार नाही.  नारू उठला आणि पहार घेऊन स्वतःच घराकडे चालू लागला. तांडेलांच्या बाकीच्या घरांनी त्याच्या मागे आपली जोती उकलली. खाली चिकणमाती तुडवून बसवली, वर दगड रचले, आणि विहीर होती तेवढी उथळ झाली. तो दिवस अक्षय्य तृतीयेचा. त्या दिवशी लोक पाण्याचा घडा दान देतात. या बाईने विहीर दिली.

तांडेल होडीतून पलीकडे गेले. तिथे नुसता कातळ आणि रान. झरा होता, पण वर घळीत, चढून जायचं. सुंद्रेची घरं भुईला टेकलेल्या, माडाच्या झापांच्या खोपटांत राहिली. पावसाळ्यात अंथरुणाखालून पाणी जायचं आणि ती नवस मोडायला तयार नव्हती. जुव्याचं पाणी तर अजून खारंच. तेव्हा पाऊस लागेपर्यंत, आणि दिवाळीनंतर पुन्हा, याच माणसांनी झऱ्याचं पाणी घागरींनी उतरवून होडीतून जुव्यावर पोचवलं. उठून गेलेल्यांनी बसलेल्यांना वाढलं. आमच्या वंशाला त्यांचं हे ऋण फिटायचं नाही, आणि फिटावं असं आम्हाला वाटतही नाही.

वर्ष फिरलं. वैशाख आला तरी विहिरीत पाणी टिकलं होतं, पण चाखायचा धीर कोणाला होईना. जुव्याने ठरवलं, पहिली घागर जिची तिलाच बोलवा. सुंद्रा आली. सगळा गाव विहिरीभोवती उभा. तिने घागर काढली, ओंजळभर प्यायली, आणि डोळे मिटून उभी राहिली. मग ती भरली घागर तिने उचलून येसूच्या कमरेवर ठेवली.

"घे गे," म्हणाली. "आता तुमची पंगत."

तेव्हापासून वैशाखात तळाचा चिरा उघडा पडला की जुव्यावरचं सर्वांत जुनं घर उठतं. सांगावं लागत नाही. माझ्या आजोबांच्या काळात, मागाहून आलेल्या घरांसाठी, येसूच्याच वंशाची घरं उठली. जोत्याचा एकेक दगड त्यांनी विहिरीच्या काठाला दिला आणि हसत होडीत बसली म्हणे. हसत होती की नाही देव जाणे, पण आजोबा तसं सांगायचे. पलीकडच्या किनाऱ्याला दिव्यांची जी रांग दिसते, ती सगळी आमच्या उठलेल्या पंगतींची गावं.

आजही अक्षय्य तृतीयेला जुव्यावर सकाळपासून कोणी पाण्याचा थेंब तोंडात घालत नाही. ऊन चढतं, घसे सुकतात, चिल्लीपिल्ली कुरकुरतात. मग पलीकडची होडी लागते आणि वडाखाली देवाला गाऱ्हाणं घातलं जातं. "बा देवा म्हाराजा, जे आमच्यासाठी उठले तेंच्या घरात काय कमी पडूक देऊ नको." सुकल्या घशांनी सगळा जुवा म्हणतो, "व्हय म्हाराजा." त्यानंतर पलीकडची एक बाई घागर काढते, स्वतः चाखते आणि आम्हाला ओंजळी धरायला सांगते. आम्ही वाकून तिच्या हातचं पाणी पितो.